ढकल्याचं कपाळ

आमच्या घरात एक वस्तू आहे, जी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात नाव सांगून मागता येत नाही, कारण तिचं नाव आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नाही. लाटण्याच्या निम्मी लांबी, शिसवी मूठ, खालच्या अंगाला एक खुंटी, पुढे चपटं पोलादी नाक आणि मागे बारीक खाचांचं एक चाक. चाक फिरवलं की नाक पुढे सरकतं, पण इतकं थोडं, की बघणाऱ्याला काही झालं असं वाटतही नाही. मध्यंतरी घरी आलेल्या प्लंबरला ती फार आवडली. हे नळाचंच काहीतरी आहे असं त्याचं ठाम मत पडलं. मी म्हटलं, "भैया, ये नल का नहीं, शादी का है." तो बिचारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

याला आम्ही ढकल्या म्हणतो. लग्नपत्रिकेवर जो सोनेरी गणपती असतो, तो नेमका जागेवर बसवायला ढकल्या लागतो.

चाळिशी उलटेपर्यंत मलाही हे माहीत नव्हतं. मी फोर्टमधल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही हा तिथला नियम होता, आणि तो मी जमेल तितका पाळला. नवं शतक लागलं तशी कंपनीने टेलिफोनचा बोर्डच काढून टाकला, जो तो आपापला नंबर थेट लावायला लागला, आणि मी व्हीआरएस घेऊन शांती नगरच्या घरात येऊन बसले. एक बाई घरातले पडदे किती वेळा धुवू शकते? माझ्या कानांना काम नव्हतं आणि तोंडालाही. शेवटी मी नवऱ्याच्या मागे लागले की मला तुमच्या गाळ्यावर न्या.

आमचे हे मूळचे छापखान्यातले. गिरगावात एका छापखान्यात शिकले, तिथेच कित्येक वर्षं राबले, आणि तो बंद झाला तेव्हा तिथलं फॉइलिंगचं मशीन घेऊन भाईंदर पूर्वेला आले. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा, गाळ्यात ते एक मशीन आणि मशीनपाशी हे एकटे. एका बाजूच्या गाळ्यात स्टीलच्या वाट्यांना पॉलिश व्हायचं, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक शेठ होता. वाट्यांच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचं. पण मी ओरडून विचारायला कधीच लाजले नाही.

पहिल्या दिवशी मी इतके प्रश्न विचारले की हे म्हणाले, "अगं, मला मशीन चालवू देशील की नुसतं समजावतच बसू?"

"दोन्ही करा," मी म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. डाय म्हणजे पितळेचा ठसा. गणपतीचा, कलशाचा, नाहीतर नुसत्या अक्षरांचा. मशीनमध्ये एक जाड प्लेट असते, तिला मधमाशांच्या पोळ्यासारखी सगळीकडे भोकं. डाय त्या प्लेटवर ठेवायची आणि भोकांत अडकवलेल्या आकड्यांनी आवळायची. प्लेट खालून तापते, तिच्याबरोबर डाय तापते. समोर सोनेरी फॉइलचा रोल, त्याच्या पलीकडे कार्ड. दाब पडला की जिथे डाय टेकली तेवढंच सोनं कार्डाला चिकटतं. आता कार्डावर गणपतीची लाल रेघ आधीच छापून आलेली असते, आणि सोनं त्या रेघेच्या आत भरायचं असतं. केसभर इकडेतिकडे झालं की सोनं रेघेबाहेर पडतं, आणि मग सगळ्या वऱ्हाडाला तेवढंच दिसतं.

"मग बोटाने सरकवायची ना डाय थोडीशी," मी म्हटलं.

"सरकव," हे म्हणाले. मी हात पुढे केला आणि आच लागताच मागे घेतला. तव्यावरची पोळी बोटांनी फिरवण्यात माझं आयुष्य गेलं, पण तो तवा निराळा होता.

बाकीचे लोक काय करायचे, तर डायच्या कडेला लाकडाचा तुकडा धरून हातोडीने टिचकी मारायचे. एक छाप काढायचा, बघायचं, परत टिचकी, परत छाप. जमेपर्यंत कार्डं फुकट. ह्यांच्या गिरगावच्या उस्तादांना ही टकटक पसंत नव्हती. त्यांनी एका लेथवाल्याच्या डोक्यावर बसून ढकल्या बनवून घेतला होता, आणि छापखान्याला कुलूप लावलं त्या दिवशी तो ह्यांच्या हातात दिला. त्याची रीत साधी. कार्डाच्या कडेपासून लाल रेघेपर्यंतचं अंतर मोजायचं. ढकल्याची खुंटी प्लेटच्या ठरलेल्या भोकात रोवायची. मग चाकाच्या खाचा मोजत फिरवायचं. प्रत्येक खाचेला टिक असा आवाज होतो, आणि नाक डायला ढकलत ढकलत नेमकं जागेवर नेऊन सोडतं. आकडे आवळले की झालं. पहिलाच छाप बरोबर.

तो पहिला छाप हे कधी बघायचे नाहीत. मशीनमधून कार्ड काढायचे, मान दुसरीकडे ठेवूनच बाजूला हात लांब करून माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "बघ." तोवर दुसऱ्या हाताने चहाचा ग्लास उचललेला असायचा. मी बघायचे. सोनं रेघेच्या आत, चहूकडून सारखं. ह्यांना कपड्यांची, खाण्याची कसलीच मिजास नव्हती. सगळी मिजास त्या न बघण्यात होती. मी चिडवायचे, "एक दिवस गणपती कार्डाबाहेर जाऊन बसेल आणि तुम्ही चहा ढोसत असाल." तरी हे बघायचे नाहीत.

मग माझा गाळ्यावरचा पहिला दसरा आला.

आधीच्या वर्षांत हे एकटेच असल्यामुळे पूजा म्हणजे उरकणं असे. मशीन बंद करता करता कोरड्या कुंकवाची चिमूट सगळ्यांवर टाकायची, हात जोडायचे आणि घरी यायचं. ते कुंकू दुसऱ्या दिवशी पंख्याच्या वाऱ्याने उडून जायचं. या वेळी मी होते म्हटल्यावर ह्यांनाही हुरूप आला. दाराला झेंडूचं तोरण लागलं. आपट्याची पानं आली. शेजारच्या गाळ्यातून एक कोरी करकरीत वाटी मागून आणली आणि हे त्यात हळद-कुंकू पाण्याने कालवत बसले, चांगलं दाट. मशीनच्या मोठ्या चाकाला अनामिकेने एक टिकली. पान्यांना, कात्रीला, मोजपट्टीला, सगळ्यांना एकेक टिकली. शेवटी ढकल्या हातात घेतला आणि थांबले.

"याचं कपाळ कुठलं असेल?" त्यांनी उलटसुलट करून बघितलं. मूठ म्हणजे तर धरायची जागा. चाक मागे, खुंटी पायाशी.

"विचारा त्यालाच," मी म्हटलं.

"ज्या तोंडाने काम करतो तेच त्याचं तोंड," असं म्हणून ह्यांनी त्या चपट्या नाकावर बोटभर हळद-कुंकू थापलं. टिकली नव्हे, चांगला लेप. मला हसू आलं. "नवरदेवच केलात की त्याला." हे म्हणाले, "मग? मशीन काय, उद्या दुसऱ्याचंही चालवीन. हा माझा आहे."

आमच्या दोन्ही घरांत एक रीत आहे. दसऱ्याला हत्यारांना लावलेलं कुंकू पुसायचं नसतं. फुलं-पानं दुसऱ्या दिवशी उचलायची, पण कुंकू आपोआप जाईल तेव्हा जाऊ द्यायचं. ते पुसलं तर वर्षभराचा आशीर्वाद आपल्याच हाताने पुसल्यासारखं. सासूबाई विळीवरचं कुंकूसुद्धा तसंच ठेवायच्या आणि नेमकी त्यावरची भाजी आम्हाला खायला घालायच्या.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका होत्या, घाई होती. ह्यांनी डाय बसवली, पहिलं कार्ड काढलं आणि न बघता माझ्यापुढे धरलं. "बघ."

मी बघितलं आणि चष्मा पुसून परत बघितलं. गणपतीच्या एका कानाचं सोनं रेघेच्या बाहेर गेलं होतं. चित्र रंगवताना मुलांचा खडू जातो ना, तसं.

"अहो, जरासं बाहेर गेलंय."

त्यांना वाटलं मी नेहमीसारखी चेष्टा करतेय. मग त्यांनी कार्ड बघितलं. नजरेच्या अंदाजाने डाय थोडी मागे घेतली, पुढचे छाप बरोबर आले, काम पार पडलं. पण दुसऱ्या पत्रिकेलाही तेच झालं. तिसरीलाही. ह्यांनी परत परत मोजलं, चाकाच्या खाचा ओठ हलवत मोजल्या, तरी पहिला छाप चुकायचाच. मग त्यांनी पहिलं कार्ड माझ्यापुढे धरायचं सोडलं. आधी स्वतः दाराशी उजेडात नेऊन बघायचे, आणि ते कार्ड खोक्यांच्या मागे टाकून द्यायचे. त्यांची ती न बघण्याची मिजास मला खटकते असं मी नेहमी म्हणायचे, आणि ती गेली तेव्हा मात्र मला चहा गोड लागेना.

त्याच दिवसांत मला गाळ्यात एक वास यायचा. फोडणीत हळद जळली की येतो तसा, कडवट. मी डबा उघडून बघितला. भेंडी होती आणि चांगली होती. शेजारच्या वाटीवाल्याला विचारलं, "भाई, आपके यहाँ कुछ जल रहा है क्या?" तो म्हणाला, "भाभी, यहाँ तो सिर्फ कान जलते हैं." वास थोडा वेळ यायचा आणि जायचा. वाटीवाल्याला हसून मी ते सोडून दिलं.

इकडे हे गप्प गप्प व्हायला लागले. एकदा बघते तर गाळ्याच्या दारात उभं राहून एक डोळा तळहाताने झाकलेला, आणि दुसऱ्याने समोरच्या पाटीकडे बघतायत. मग हात बदलला. घरी तेच कॅलेंडरसमोर. मी विचारलं, "काय बघताय?"

"तारीख."

"कालचीच आहे, फक्त एकाने पुढे गेलीय," मी म्हटलं. एरवी हसले असते.

कारण मला ठाऊक होतं. माझ्या सासऱ्यांची नजर काचबिंदूने गेली होती. हळूहळू गेली, आधी कडेचं दिसेना, मग समोरचं. शेवटी ते आम्हाला पावलांवरून ओळखायचे. मी पाणी घेऊन आले की हात हवेत पुढे करून भांडं शोधायचे. ह्यांनी ते सगळं जवळून बघितलं होतं. म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ या. तर म्हणाले, "कशाला? तो काय सांगणार ते मला माहितेय." जो माणूस साधा ताप आला तरी दहा जणांना सांगतो, तो डोळ्यांबद्दल मात्र चकार शब्द काढत नव्हता. मला त्यांचा राग यायचा, आणि त्यांच्याइतकीच भीतीही वाटायची.

अशातच मुर्ध्याहून एक बाई आल्या. कोळी घरातल्या, मुलीचं लग्न काढलेलं. लाल रेघेतली देवी छापलेली कार्डं घेऊनच आल्या होत्या, फक्त सोनं भरायचं होतं. बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "मशीन कंदी चालू करनार ते सांगा. मी येतंय. पयली पत्रिका मनाच पायजे."

मी विचारलं, "पहिलीच का?"

"पयली गावच्या देवीची. मशीनमधशी निंगाली का कोनाचा हात न्हाय लागला पायजे. तिथशी सरल देवीपुढं." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आमच्या थोरलीची बी तुमीच केलेली. तवा पयलीच कशी झकास आलेली."

हे नुसती मान हलवत राहिले. बाई गेल्यावर मला म्हणाले, "त्यांना फोन करून सांग, दुसरीकडे करून घ्या म्हणावं."

"का?"

"पहिली पाहिजे म्हणतात. दुसरी मागितली असती तर दिली असती." मग म्हणाले, "शेठ बऱ्याच दिवसांपासून मशीन मागतोय. त्याला देऊन टाकावं म्हणतोय मी. लोकांच्या देवांचे कान वाकडे करण्यापेक्षा बरं."

ते मशीन गेलं असतं तर ह्यांनी घरी बसून काय केलं असतं? एकेक डोळा झाकून कॅलेंडर बघत बसले असते. सासऱ्यांचा तो हवेतला हात मला दिसायला लागला. मी बाईंना फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे शेठकडे बोलायला गेले. मशीन तापलेलंच होतं, नुकतीच एक डाय बसवून झाली होती, आणि तोच जळक्या फोडणीचा वास. मी खोक्यांच्या मागून सगळी टाकलेली पहिली कार्डं काढली. का काढली ते सांगता येणार नाही. स्वस्थ बसवत नव्हतं एवढंच. कुणाचा गणपती, कुणाचा कलश, कुणाची नुसती वेलबुट्टी. दाराच्या उजेडात एकावर एक धरून बघायला लागले, आणि बघता बघता मला माझा जुना बोर्ड आठवला.

बोर्डावर आम्हाला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवायचे. एका लाइनवर खरखर आली तर त्या लाइनमध्ये दोष. आज एकीवर, उद्या भलत्याच दुसरीवर आली तरी तसंच समजायचं. पण सगळ्या लाइनींवर एकसारखी खरखर असेल तर लाइनी तपासत बसू नकोस, बोर्ड बघ. या कार्डांची खरखर एकसारखी होती. प्रत्येक कार्डावर सोनं एकाच बाजूला गेलं होतं, आणि जवळपास तेवढंच. डोळे बिघडलेल्या माणसाची चूक कधी इकडे होईल, कधी तिकडे होईल. रोज शिस्तीत एकाच बाजूला कशी होईल? म्हणजे हे डोळ्यांचं नव्हतं. कोणीतरी डायला रोज तेवढंच जास्त ढकलत होतं.

ढकलणारा गाळ्यात एकच होता.

मी ढकल्या उचलला. अजून कोमट होता. नाक बघितलं, तर तपकिरी, त्याच्या बाकीच्या अंगासारखंच. मग मी तो चक्क नाकाशी धरला. जळक्या हळदीचा वास! नखाने खरवडलं तर एक टणक खपली सुटली, आणि तिच्या पोटात अजून पिवळं होतं. दसऱ्याचा तो लेप रोज तापलेल्या डायला टेकून टेकून भाजून दगड झाला होता. वर सपाट, गुळगुळीत, पत्रिकेच्या कागदाएवढा जाड. ढकल्याचं नाक तेवढंच लांब झालं होतं.

मी कार्डांच्या गठ्ठ्यावर बसले आणि एकटीच हसायला लागले. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं ते थांबेना. इतक्यात हे आले.

"हसायला काय झालं?"

"तुमचे डोळे सापडले," मी म्हटलं आणि ढकल्या त्यांच्या हातात दिला.

त्यांनी दाराशी नेऊन बघितलं. अंगठा नाकावरून फिरवला. मग म्हणाले, "कुंकू तर मी दर वर्षी लावतो."

"दर वर्षी कोरडं टाकता. यंदा कालवून थापलंत. आणि वर रोज तव्यावर भाजलंत."

त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. आणि एवढं सगळं होऊन हा माणूस म्हणतो काय, "पण दसऱ्याचं कुंकू पुसायचं नसतं गं."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "अहो, मशीन विकायला निघाला होतात तुम्ही! ते चालत होतं आणि हे नाही चालत?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

शेवटी असं ठरलं की पुसायचं नाही, काढायचं. एक कोरं कार्ड खाली धरलं. ह्यांनी ढकल्याला नमस्कार केला, वर बघून काहीतरी पुटपुटले, बहुधा उस्तादांची माफी मागितली असेल, आणि पात्याने ती खपली हलक्या हाताने सोडवली. पडलेले कण कार्डात नीट दुमडून घरी आणले आणि बाल्कनीतल्या तुळशीत घातले. शेठला निरोप गेला की मशीन द्यायचं नाही. शेठ म्हणाला, "कल तो हाँ बोला था, भाई." हे म्हणाले, "कल तक नाक लंबी थी." शेठला काही कळलं असेल असं वाटत नाही.

मुर्ध्याच्या बाई ठरलेल्या दिवशी आल्या, नव्या लुगड्यात, हातात कोरं फडकं घेऊन. मशीनच्या अगदी शेजारी उभ्या राहिल्या. ह्यांनी मोजलं, खुंटी रोवली, चाक फिरवलं. टिक टिक ऐकताना मीही मनात खाचा मोजत होते. आधी एखादं वेगळं कार्ड घालून बघू या असं मी खुणेने सुचवलं होतं, तर ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हात खाली घेतला. आकडे आवळले. दाब पडला. पहिली पत्रिका बाहेर आली.

हात कुणाचा लागायचा नव्हता म्हणून ह्यांनी ती चिमट्याने धरली, मान खिडकीकडे वळवली आणि पत्रिका बाईंच्या पुढे केली. "बघा."

बाईंनी फडक्यावर घेऊन बघितली. "येऽऽ, सोना कसा चोपून बसलाय," त्या म्हणाल्या, आणि पत्रिका फडक्यात गुंडाळून, आम्हाला विसरून, रिक्षा बघायला निघाल्या. ह्यांचा चहाचा ग्लास नुसताच हातात होता, चहा गार झालेला. मी तो काढून घेतला आणि दुसरा गरम चहा मागवला.

एवढं होऊनही मी त्यांना शांती नगरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंच. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे, पण डोळ्यांतला दाब थोडा जास्त आहे, आणि वडिलांचं तसं होतं तर जपायला हवं. थेंब दिले. ते थेंब हे रोज घालायचे, म्हणजे रोज माझ्याशी भांडून घालायचे. आणि पुढच्या दसऱ्यापासून ढकल्याचं कपाळ बदललं. कुंकू मुठीच्या टोकाला लागायला लागलं, कोरडं, एकच चिमूट.

मग चांगली वर्षं गेली. पहिली कार्डं न बघता माझ्यापुढे येत राहिली, मी चिडवत राहिले. ते दशक संपत आलं तेव्हा एका वैशाखात, ऐन लग्नसराईत, ह्यांनी हात लांब केला आणि म्हणाले, "बघ."

सोनं बाहेर होतं. मी सांगितलं. त्यांनी नीट केलं. दुसऱ्या दिवशी परत बाहेर, पण या वेळी दुसऱ्याच बाजूला. त्यानंतर एकदा खाली. मी कार्डं उजेडात एकावर एक धरून बघितली नाहीत. बघायची गरज नव्हती. बोर्डाचा नियम मला पाठ होता.

हे मशीनपाशी उभे होते. ढकल्या माझ्यापुढे धरून म्हणाले, "अगं, याच्या नाकाला कुंकू लागलंय का बघ जरा."

दसरा होऊन किती महिने झाले होते, आणि नाकाला तर कित्येक वर्षांत कुणी कुंकू लावलं नव्हतं. मी ढकल्या घेतला. नाक स्वच्छ होतं, आरशासारखं. शेजारी वाट्यांचं पॉलिश जोरात चालू होतं. मी ढकल्या त्यांच्या कानाजवळ नेला आणि त्या स्वच्छ पोलादावर नखाने जोरात खरवडलं, त्यांना ऐकू जाईल असं.

"होतं थोडं," मी म्हटलं.

"वाटलंच मला," हे म्हणाले. मग म्हणाले, "हातात आहेच तुझ्या, तर आता डाय तूच लाव."

मी कार्ड मोजलं. खुंटी रोवली. चाक फिरवताना खाचा ते मोजायचे तशाच मोजल्या, फक्त मोठ्याने, आणि हे बाजूला मान कलती करून टिक टिक ऐकत होते. आकडे मी आवळले. दाब त्यांनी दिला. पहिलं कार्ड काढलं, मान दुसरीकडे ठेवली आणि हात लांब करून माझ्यापुढे धरलं.

"बघ."

मी बघितलं. सोनं रेघेच्या आत होतं, चहूकडून सारखं.

"बरोबर बसलंय," मी सांगितलं. नाकावरचं कुंकू खोटं होतं, पण एवढं मात्र अगदी खरं होतं.